लातूरच्या बायका कच्छला गेल्या तेव्हा



कुठं पूर आला, दरड कोसळली, भूकंप झाला अशी बातमी आली की आपल्या गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. आपण काय पाठवायचं? एक जण म्हणते पायलीभर ज्वारी, दुसरी म्हणते जुन्या साड्या गोळा करू, तिसरी म्हणते वर्गणी काढून पैसेच देऊ. मन सगळ्यांचं चांगलंच असतं. पण आम्हाला वाटतं, पोतं भरायच्या आधी एक चौकशी करावी. ज्यांच्यावर असं संकट आधी येऊन गेलं, त्यांच्या खरं कामाला काय आलं? ही चौकशी करायला फार लांब जायला नको. आपल्याच मराठवाड्यात असा इतिहास घडलाय, आणि त्यातला मोठा वाटा तुमच्याआमच्यासारख्या बायकांचा आहे. आजच्या भागात तोच सांगणार आहोत.

तारीख ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक रात्री उशिरा घरी आले, थकून झोपले. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, पेठसांगवी, राजेगाव. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली ही गावं बघता बघता ढिगारा झाली. गेलेल्या माणसांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ आहे. दहा हजारांपर्यंतचे आकडेही सांगितले जातात.

इथं एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. किल्लारीचा भूकंप रिश्टरवर सहाच्या थोडा वर होता. एवढ्या आणि याहून मोठ्या ताकदीचे भूकंप जगात दरवर्षी होतात, आणि प्रत्येक वेळी इतकी माणसं जात नाहीत. इथं माणसं मारली ती घरांनी. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घराची भिंत दोन-अडीच फूट जाड असते, कुठं त्याहून जास्त. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय मजबूत! पण ती एक भिंत नसतेच. बाहेरच्या दगडांची एक रांग, आतल्या दगडांची एक रांग, आणि मधे मातीत टाकलेले गोटे. दोन्ही रांगांना धरून ठेवणारा, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारा लांब दगड घातलेलाच नसतो. वर उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून फूट-दोन फूट पांढरी माती. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला आणखी एक थर. सासूनं टाकलेला, सुनेनं टाकलेला, असा वर्षानुवर्षं वाढत गेलेला. जमीन हलली, भिंतीच्या दोन रांगा फाकल्या आणि तो मातीचा सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला.

सगळ्यात आधी धावून कोण आलं? शेजारी आले. लष्कर आलं, डॉक्टर आले, सरकार आलं, आणि त्यांनी मोठं काम केलं. पण उजाडायच्या आत ज्यांना बाहेर काढलं गेलं, त्यांना वाचलेल्या माणसांनी काढलं. शेजारच्या गावांतून खोरी-टिकाव-पहार घेऊन आलेल्यांनी काढलं, कित्येकांनी नुसत्या हातांनी काढलं. हे जगभर असंच होतं. माती-दगडाखाली अडकलेल्या माणसाची वाचण्याची आशा पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त असते, आणि तेवढ्या वेळात पोचू शकतो तो जवळचाच माणूस. कोणत्या घरात किती जण झोपतात, म्हातारी कोणत्या खोलीत असते, बाळंतीण कुठं आहे, हे बाहेरून आलेल्या जवानाला कुठून कळणार? शेजारणीला ते ठाऊक असतं.

मग बातमी पसरली आणि मदतीचा लोंढा आला. लोंढाच म्हणायला हवं. महाराष्ट्रातून, देशभरातून ट्रक निघाले. त्यांच्याबरोबर नुसतं बघायला आलेल्यांच्या गाड्याही निघाल्या, आणि त्या अरुंद रस्त्यांवर अशी कोंडी झाली की जखमींच्या आणि सामानाच्या गाड्याच अडकू लागल्या. वरून पावसानंही गाठलं. मदत कमी पडली असं झालं नाही. योग्य वेळी योग्य जागी पोचायला तिला वाट मिळेना. आमचं स्पष्ट मत आहे: ज्याला तिथं काही काम नेमून दिलेलं नाही, त्यानं पहिले काही दिवस घरीच थांबावं. फोटो काढायला जाणं ही मदत नाही.

जुन्या कपड्यांचंही तसंच. प्रत्येक संकटानंतर जुन्या कपड्यांचे ढीग लागतात. आपण देताना म्हणतो, तेवढंच कुणाच्या अंगावर. पण ज्या बाईचं सगळं घर गेलं, तिच्यासमोर दुसरीच्या वापरलेल्या, विटलेल्या लुगड्यांचा ढीग टाकून ‘यातून निवड’ म्हणणं कसं वाटत असेल, जरा विचार करा. तिलाही कालपर्यंत पेटी होती, पेटीत चार चांगल्या साड्या होत्या. दोन नवी लुगडी, आतले नवे कपडे आणि पाळीच्या दिवसांसाठी स्वच्छ कापड द्या. संख्या कमी असली तरी चालेल.

काही लोकांनी मात्र लांबची नजर ठेवून काम केलं. पुण्याच्या शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली आणि पुढची कित्येक वर्षं ती जबाबदारी निभावली. ढिगारे उपसून झाले, वर्तमानपत्रं दुसऱ्या बातम्यांकडे वळली, तरी ही मुलं शाळेत होती. ट्रकचं काम आठवड्याचं असतं. मुलाच्या शिक्षणाचं काम दहा वर्षांचं.

आता बायकांकडे येऊ.

जागतिक बँकेचं कर्ज घेऊन महाराष्ट्र सरकारनं १९९४ पासून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्याचे मुख्य दोन भाग होते. जी गावं पुरतीच गेली, अशी ५२ गावं नव्या जागी वसवायची. आणि जिथं घरं उभी होती पण तडकली होती, अशा गावांत घरमालकाला मदत देऊन घराची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं. ही दुसऱ्या प्रकारची घरं दीड लाखाहून जास्त होती.

नव्या ५२ गावांतली घरं बहुतेक ठेकेदारांनी आणि देणगी देणाऱ्या संस्थांनी बांधली. ज्याला जमीन नाही किंवा हेक्टरभरच आहे त्याला अडीचशे चौरस फूट, त्याहून जास्त जमीन असेल तर चारशे, आणि सात हेक्टरांच्या वर असेल तर साडेसातशे. म्हणजे भूकंपाआधी जो मोठा होता तो नव्या गावातही मोठाच राहिला. चौकटीसारखे सरळ रस्ते आखले, घरं लांब लांब टाकली. भिंत अंगावर येऊ नये म्हणून ते केलं, हे खरं. पण शेत लांब गेलं, शेजारीण लांब गेली, गुरं बांधायला जागा राहिली नाही. गुबाळ गावात तर घुमटासारखी गोल घरं बांधली. भूकंपात घुमट टिकतो हे मान्य. पण घुमटावर वाळवण कसं घालायचं, त्याला शेजारी आणखी एक खोली कशी जोडायची, हे एखाद्या बाईला आधी विचारलं असतं तर? घर वापरते ती, आणि आराखड्याच्या वेळी तिलाच कुणी विचारत नाही.

दुरुस्तीच्या गावांत मात्र वेगळं घडलं. तिथं काम घरमालकानं स्वतः करून घ्यायचं होतं. सरकारची मदत हप्त्याहप्त्यानं मिळणार, एक टप्पा तपासला की पुढचा हप्ता. योजना चांगली होती, पण ती समजणार कुणाला? लोकांना वाटे, नवं घरच मिळेल, दुरुस्ती कशाला करायची? इंजिनिअर येई तो तांत्रिक बोले. कागद कुठं द्यायचा ते ठाऊक नाही. हप्ता मिळाला की गडी माणूस तो भलतीकडे खर्च करी, ही भीती होतीच.

तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं सरकारला सांगितलं की गावात निरोप पोचवायचं आणि गावाचं म्हणणं वर न्यायचं काम गावच्या महिला मंडळांना द्या. सरकारनं ते मान्य केलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या हजाराहून जास्त गावांत असं काम झालं. ज्या बायका हे काम करत त्यांना नाव होतं संवाद सहायक. महिला मंडळं बऱ्याच गावांत तोवर नावापुरतीच होती. त्यांना पहिल्यांदाच असं काम मिळालं ज्यात गावाला त्यांची गरज होती.

काय करायच्या या बायका? दारोदार जायच्या. तुमचं घर यादीत आहे का, नाव बरोबर लागलंय का, हप्ता किती, कशाबद्दल, हे सांगायच्या. आधी स्वतः शिकायच्या, मग सांगायच्या. माळवदावरचे मातीचे थर उतरवून भार हलका करायचा. भिंतीत मधे मधे आरपार जाणारे दगड किंवा काँक्रीटचे ठोकळे घालायचे, म्हणजे दोन रांगा एकमेकींना धरतील. घराला चारी बाजूंनी पट्टा बांधायचा, कंबरेला पदर खोचावा तसा. आतल्या लाकडी खांबांना आणि तुळयांना तिरके आधार द्यायचे. हे ज्ञान गवंड्याकडे आणि इंजिनिअरकडे असतं असं आपण धरून चालतो. पण सिमेंटला पाणी किती दिवस मारलं, वाळूत माती किती आहे, हे दिवसभर घरी असलेली बाईच बघू शकते. पाणी तर तीच मारते! एकदा काय बघायचं ते कळल्यावर बायका कामावर लक्ष ठेवू लागल्या, गवंड्याला अडवू लागल्या, ‘हा दगड आरपार नाही’ म्हणू लागल्या.

आणि मग त्या तालुक्याला जाऊ लागल्या. अधिकाऱ्यांबरोबर बैठका होऊ लागल्या, त्यात बायका बसू लागल्या, हप्ता का अडला ते विचारू लागल्या. वेळही तशी जमून आली होती. भूकंपाच्या पाच महिने आधी, एप्रिल १९९३ मध्ये, पंचायत राजची ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली होती आणि ग्रामपंचायतीत बायकांच्या एक तृतीयांश जागा पक्क्या झाल्या होत्या. ज्या बाईनं घरांच्या याद्या तपासल्या, ती ग्रामसभेत तोंड उघडायला घाबरेल कशी?

संकटात कचेरी गाठणं हीसुद्धा मदतच आहे, आणि ती आपल्याकडे जुनी आहे. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात सत्यशोधक समाजानं अन्नछत्रं चालवली होती. तेव्हा सावित्रीबाई फुले जुन्नर भागात फिरत होत्या. पकडलेल्या कार्यकर्त्यांसाठी त्या स्वतः कलेक्टरपुढे उभ्या राहिल्या. ओतूरहून जोतिबांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे कळवलं आहे. भाकरी वाढणं आणि साहेबाला जाब विचारणं, दोन्ही त्यांनी एकाच दौऱ्यात केलं.

दुरुस्तीचं काम संपलं तरी लातूरच्या बायका घरी बसल्या नाहीत. बैठकीची सवय लागली होती, हिशोब ठेवता येत होता. त्यातून बचत गट झाले, गटांचे संघ झाले. आणि मग आली २६ जानेवारी २००१.

सकाळी पावणेनऊच्या सुमाराला गुजरातमध्ये कच्छला भूकंप झाला. किल्लारीहून कितीतरी पट मोठा. प्रजासत्ताक दिन होता. अंजार गावात शाळेची पोरं मिरवणुकीनं अरुंद गल्लीतून चालली होती, दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर पडली. एकूण वीस हजारांच्या आसपास माणसं गेली.

लातूर-उस्मानाबादच्या बायकांनी ही बातमी ऐकली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको. त्यांच्यातल्या काही जणी कच्छला गेल्या. बोली वेगळी, पेहराव वेगळा, बायकांवर घुंघटाचं बंधन. पण घर पडलेल्या बाईशी बोलायला घर पडलेली बाई आली होती. तिला समजवायला ‘आम्ही तुमचं दुःख जाणतो’ असं म्हणावंच लागत नव्हतं.

त्यांनी नेलं काय? पोत्यांत भरून नेण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी त्यांचा अनुभव नेला. घर बांधताना दुसऱ्यावर सोडू नका, स्वतः उभ्या राहा. यादीत नाव आहे का ते आजच बघा. गावाची समिती करा आणि समितीत बायका असू द्या. गाव हलवायचं म्हणतील तर दहा वेळा विचार करा, आमच्याकडं काय झालं ते येऊन बघा. जी तडकलेली घरं वाचवता येतात ती पाडू नका. आठ वर्षांपूर्वी हेच सगळं त्या स्वतः धडपडत, ठेचा खात शिकल्या होत्या. कच्छच्या बायकांना ते सुरुवातीलाच मिळालं.

कच्छमध्येही बायकांच्या संघटना आधीपासून होत्या. भूकंपानंतर ‘कच्छ नवनिर्माण अभियान’ या संस्थांच्या जाळ्यानं गावागावांच्या गटासाठी ‘सेतू’ नावाची केंद्रं उघडली. सेतू म्हणजे पूल. सरकारचा कागद गावाला समजावायचा आणि गावाची तक्रार सरकारला पोचवायची, हे त्यांचं काम. आपल्या संवाद सहायकांचीच ही बहीण. गुजरातमध्ये बहुतेक गावं जागच्या जागी पुन्हा बांधली गेली, आणि पुष्कळ घरं लोकांनी हप्त्यानं मदत घेऊन स्वतः बांधली. लातूरच्या दोन्ही वाटा, ठेकेदाराची आणि घरमालकाची, लोकांनी बघितल्या होत्या. त्यातली कोणती चांगली याची चर्चा तिथं झाली.

जवळजवळ चार वर्षांनी, २६ डिसेंबर २००४ ला, त्सुनामी आली. तामिळनाडूच्या नागपट्टिणम, कडलूर भागात समुद्र गावांत घुसला. रविवारची सकाळ होती. होड्या परतायची वेळ, बायका मासळी घ्यायला किनाऱ्यावर आलेल्या. पुष्कळ ठिकाणी पुरुषांपेक्षा बायका जास्त बुडाल्या. पोरं कडेवर, अंगावर साडी, पोहणं कधी शिकवलेलं नाही. या वेळी महाराष्ट्रातल्या बायकांबरोबर गुजरातच्या बायकाही तामिळनाडूला गेल्या. म्हणजे ज्यांना चारेक वर्षांपूर्वी मदत मिळाली होती, त्या आता मदत करायला निघाल्या. भाषा तर अजिबात येत नव्हती, दुभाषी घ्यावा लागला. तिथंही रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, कुणी हात न लावलेले.

आता आपल्या गटापुरतं थोडं बोलू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, तेव्हा आसपासच्या जिल्ह्यांतल्या बायकांनी भाकऱ्या थापून पाठवल्या. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी चार दिवस टिकते, भाजीपोळीचं पाकीट संध्याकाळी आंबतं. त्यामुळं पाठवायचंच असेल तर काय टिकतं हे शहरातल्यांपेक्षा आपल्याला जास्त कळतं. पण पाठवायच्या आधी तिथल्या एखाद्या गटाच्या अध्यक्षबाईंना किंवा ग्रामसेवकांना फोन लावा, आणि त्या सांगतील तेच आणि तेवढंच पाठवा. पैसे देणार असाल तर पावती घ्या. आणि निदान निम्मी वर्गणी राखून ठेवा. पाणी ओसरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बी-बियाणं लागतं, शेळी लागते, मुलींच्या वह्या लागतात, आणि तोवर दाते पांगलेले असतात.

ज्या गटात हिशोब लिहिणारी आहे, तिनं तर स्वतःच जावं. पंचनामा कसा होतो, आधार कार्ड वाहून गेलं तर काय करायचं, नवरा गेला आणि घर सासऱ्याच्या नावावर असेल तर अर्ज कुणी करायचा, हे समजावणारी एक बाई धान्याच्या ट्रकाइतकी कामाची आहे. आमच्या कार्यक्रमाला ज्या बायका येतात त्यांच्यात असं काम करू शकणाऱ्या पुष्कळ आहेत, फक्त त्यांना कुणी म्हटलेलं नसतं.

आणि पुढच्या बैठकीत एक वही काढा. गावात अंथरुणाला खिळलेलं कोण आहे, एकटी म्हातारी कुठं राहते, कुणाला दिवस गेलेत, कुणाला रोज गोळी किंवा इन्शुलिन लागतं, कुणाला पोहता येतं, कुणाकडं दोर आणि बॅटरी आहे, कुणाची भिंत फुगलीय, हे घरवार लिहून ठेवा. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, असं वर्षातून दोनदा ती वही वाचून दुरुस्त करा. वहीची एक प्रत अंगणवाडीताईंकडे असू द्या, एक आशाताईंकडे. वही तयार झाली की आम्हाला कळवा, ज्या गावाची पहिली होईल त्या गटाला आपण इथं बोलावू.